मोटारीच्या पुढच्या दिव्यांची विद्युत मागणी : कार्बाइडपासून एलईडीपर्यंतचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मोटारगाडीचा इतिहास सामान्यतः इंजिनाच्या अंगाने लिहिला जातो. इंजिनाची शक्ती, वेग, इंधनाचा खप आणि कारखान्यांची उभारणी हे त्याचे रूढ विषय होत. मात्र सूर्य मावळल्यानंतर मोटार किती वेगाने चालू शकते हे इंजिनापेक्षा पुढच्या दिव्यांवर अधिक अवलंबून असते. ज्या अंतरापर्यंत चालकाला दिसते, त्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग सुरक्षित ठरतो. त्यामुळे वाहनांचा वेग वाढत गेला तशी अधिक उजेडाची मागणीही वाढत गेली. ही मागणी वाहन उत्पादकांनी आपल्या परीने पूर्ण केली, तशीच ती वाहनमालकांनी बाजारातून दिवे विकत घेऊनही पूर्ण केली. कारखान्यातून गाडी बाहेर पडल्यानंतर मालकाने बाहेरून बसवलेल्या दिव्यांचा इतिहास म्हणूनच मोटारीइतकाच जुना आहे.

अधिक उजेड हवा असेल तर अधिक वॅटचा दिवा बसवावा, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. दुकानातील बल्बाच्या खोक्यावर वॅटचा आकडा ठळक छापलेला असतो आणि ग्राहक त्यावरूनच उजेडाचा अंदाज बांधतो. वस्तुतः वॅट हे दिव्याने किती वीज घेतली याचे माप आहे. त्याने किती उजेड दिला किंवा तो उजेड कोठे पडला याचे नव्हे. प्रस्तुत शोधनिबंधात पुढच्या दिव्यांच्या विद्युत मागणीचा सुमारे सव्वाशे वर्षांचा आढावा घेऊन या समजुतीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मोटारीतील वीजनिर्मितीची क्षमता आणि पुढच्या दिव्यांची मागणी यांच्यातील संबंधाचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
२) बाहेरून बसवलेल्या अधिक वॅटच्या दिव्यांमुळे मूळ विद्युत व्यवस्थेवर पडणाऱ्या भाराचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) भारतीय रस्ते आणि भारतीय कायदा यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे.

विजेपूर्वीचा काळ

आरंभीच्या मोटारींना घोडागाडीचेच दिवे लावलेले असत. तेलाचा किंवा मेणबत्तीचा तो दिवा रस्ता दाखवण्यापेक्षा गाडी येत असल्याची सूचना देण्यापुरताच उपयोगी होता. त्यानंतर आला अ‍ॅसिटिलीन वायूचा दिवा. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकले की अ‍ॅसिटिलीन तयार होतो आणि तो पांढऱ्या, प्रखर ज्योतीने जळतो. जत्रेतील दुकानांवर आणि लग्नाच्या वरातीत दिसणारी कार्बाइडची बत्ती महाराष्ट्रातही अनेकांच्या परिचयाची होती. मोटारीचा दिवा हे तिचेच भावंड. अमेरिकेत १९०४ साली स्थापन झालेल्या प्रेस्ट-ओ-लाइट या कंपनीने हा वायू टाकीत भरून विकण्यास सुरुवात केली आणि मोटारमालकाची कार्बाइड-पाण्याची रोजची यातायात कमी झाली.

या दिव्याला विजेची गरज नव्हती. त्याचे इंधन स्वतंत्र होते, त्यामुळे तो कितीही मोठा केला तरी इंजिनावर किंवा अन्य यंत्रणेवर त्याचा भार पडत नसे. विजेचा दिवाही याच काळात उपलब्ध होता. अमेरिकेतील कोलंबिया या विजेवर चालणाऱ्या मोटारीसाठी १८९८ साली विजेचे पुढचे दिवे ग्राहकाच्या इच्छेनुसार मिळत असत. तथापि तत्कालीन नाजूक तंतू रस्त्यावरील हादऱ्यांनी तुटत आणि पेट्रोलच्या मोटारीत पुरेशी वीज निर्माण करणारे लहान जनित्र नव्हते. दिवा होता, पण त्याला पोसणारी व्यवस्था नव्हती. पुढील संपूर्ण इतिहासाचे सूत्र या एका अडचणीतच दडलेले आहे.

जनित्र, बॅटरी आणि दिवा : एकच व्यवस्था

या अडचणीवर उपाय दोन दिशांनी आला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत विल्यम कूलिज यांनी १९१० च्या सुमारास टंगस्टनची लवचीक तार काढण्याची पद्धत सिद्ध केली आणि टिकाऊ तंतू उपलब्ध झाला. दुसरीकडे चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅक मोटारीसाठी विजेचा स्टार्टर, जनित्र, बॅटरी आणि दिवे यांची एकत्रित रचना तयार केली. ती १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसवण्यात आली. जर्मनीत बॉश कंपनीने १९१३ साली जनित्र, नियंत्रक आणि पुढचे दिवे यांचा संपूर्ण संच बाजारात आणला. या दोन्ही उदाहरणांत दिवा सुटा विकला गेला नाही, ही बाब लक्षणीय आहे. वीज निर्माण करणारे यंत्र, ती साठवणारी बॅटरी, दाब मर्यादेत ठेवणारा नियंत्रक आणि वीज खर्च करणारा दिवा यांचा मेळ घालूनच ही रचना केली गेली होती.

असा मेळ नसला तर काय होते याचे उदाहरण फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी या मोटारीने पुरवले. १९१५ पासून या गाडीला विजेचे पुढचे दिवे आले, पण ते बॅटरीवर चालत नसून इंजिनाच्या गतिपालक चक्रावरील मॅग्नेटोवर चालत. परिणामी इंजिन जोरात असताना दिवे प्रखर होत आणि गाडी हळू झाली की मंदावत. अवघड वळणावर किंवा खराब रस्त्यावर, म्हणजे जेथे चालक वेग कमी करतो आणि जेथे त्याला उजेड सर्वाधिक हवा असतो, नेमका तेथेच दिवा क्षीण होई. पुढे महाराष्ट्रातील रस्त्यांवर अनेक दशके धावलेल्या स्कूटर चालवणाऱ्यांनी हाच अनुभव घेतला आहे. चौकात थांबल्यावर दिवा पिवळा पडायचा आणि मूठ पिळली की पुन्हा उजळायचा.

सहा व्होल्टची मर्यादा

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या बहुतेक अमेरिकी आणि अनेक युरोपीय मोटारींत सहा व्होल्टची विद्युत व्यवस्था होती. विद्युत दाब कमी असला की तेवढ्याच वॅटसाठी विद्युतप्रवाह अधिक लागतो. सहा व्होल्टवर ४५ वॅटच्या दिव्याला साडेसात अँपिअर प्रवाह लागतो. बारा व्होल्टवर त्याच्या निम्मा पुरतो. प्रवाह वाढला की तार जाड लागते आणि सांध्यांवरील प्रत्येक दोष अधिक जाणवतो. त्यामुळे या काळातील दिव्यांची शक्ती आपोआपच मर्यादित राहिली.

याच काळात समोरून येणाऱ्याचे डोळे दिपण्याचा प्रश्न उभा राहिला. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकातील अनेक मोटारींत त्यावर एक विलक्षण उपाय योजला गेला. चालकाने कळ दाबली की एक दिवा पूर्ण विझे आणि दुसऱ्याचा परावर्तक विद्युतचुंबकाच्या साहाय्याने खाली व कडेला झुके. दुसरा आणि अधिक टिकलेला उपाय म्हणजे एकाच बल्बात दोन तंतू. जर्मनीतील ओसराम कंपनीचा बिलक्स हा दुहेरी तंतूचा बल्ब १९२० च्या दशकाच्या मध्यास आला. एक तंतू दूरच्या झोतासाठी आणि दुसरा खालच्या झोतासाठी, ही आजही चालू असलेली विभागणी तेव्हापासून रूढ झाली. खालच्या झोतासाठी वीज वाचवण्याची गरज नव्हती. गरज होती ती उजेड योग्य जागी टाकण्याची, आणि ती तंतूच्या स्थानाने भागली. दिव्याच्या इतिहासातील हा महत्त्वाचा टप्पा मानावा लागेल, कारण येथे प्रथमच उजेड किती यापेक्षा उजेड कोठे या प्रश्नाला प्राधान्य मिळाले.

अमेरिकेत १९४० च्या वर्षाच्या मोटारींपासून सात इंच व्यासाचा बंदिस्त दिवा सर्वत्र लागू झाला. काच, परावर्तक आणि तंतू एकत्र वितळवून जोडलेल्या या दिव्याची शक्ती ४५ व ३५ वॅट होती. १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी मोटारी बारा व्होल्टकडे वळल्या. याचे मुख्य कारण दिवे नसून मोठी इंजिने सुरू करण्यासाठी लागणारी शक्ती हे होते; दिव्यांना त्याचा लाभ झाला. फोक्सवॅगनच्या बीटलसारखी गाडी मात्र १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सहा व्होल्टवरच राहिली.

वीज निर्माण करणारे यंत्रही बदलले. जुना डायनामो इंजिन मंद चालत असताना जवळजवळ काहीच वीज देत नसे. अशा वेळी दिव्यांचा सर्व भार बॅटरी सोसत असे. क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलिअंट मोटारीत अल्टरनेटर आणला. डायोडच्या साहाय्याने प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणारे हे यंत्र मंद गतीलाही वीज पुरवू शकत होते. पुढील दोन दशकांत ते जगभर रूढ झाले.

हॅलोजन : तेवढ्याच विजेत अधिक उजेड

साध्या बल्बात टंगस्टनचे कण तंतूवरून उडून काचेवर बसतात. काच काळवंडते आणि तंतू झिजतो. काचेच्या आत अल्प प्रमाणात हॅलोजन वर्गातील मूलद्रव्य असले तर हे कण पुन्हा तंतूकडे परततात. त्यामुळे तंतू अधिक तापवता येतो आणि तेवढ्याच विजेत अधिक पांढरा व अधिक उजेड मिळतो. अमेरिकेत १९५० च्या दशकात सिद्ध झालेले हे तत्त्व युरोपीय उत्पादकांनी १९६२ साली एच-१ या बल्बाद्वारे मोटारीत आणले. १९७१ साली दोन तंतूंचा एच-४ बल्ब आला आणि मोटारीच्या दिव्यांच्या बाजारपेठेचे चित्रच पालटले.

एच-४ बल्बाची नाममात्र शक्ती दूरच्या झोतासाठी ६० वॅट आणि खालच्या झोतासाठी ५५ वॅट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियमानुसार १३.२ व्होल्टवर त्याचा उजेड अनुक्रमे सुमारे १६५० व १००० ल्युमेन असावा लागतो आणि त्याने घेतलेली वीज ७५ व ६८ वॅटच्या पुढे जाता कामा नये. म्हणजे १९४० च्या बंदिस्त दिव्यापासून एच-४ पर्यंत दूरच्या झोताची नाममात्र शक्ती केवळ पंधरा वॅटने वाढली. उजेडातील वाढ मुख्यतः तंतूच्या तापमानामुळे आणि परावर्तकाच्या सुधारित रचनेमुळे झाली. उत्पादकांनी वॅटचा आकडा जाणीवपूर्वक आवरून धरला, कारण त्या आकड्यावर तारा, कळा, फ्यूज, जनित्र आणि परावर्तकाची उष्णता सोसण्याची क्षमता हे सर्व अवलंबून होते.

मोटारशर्यतींत मात्र वेगळा मार्ग स्वीकारला गेला. रात्रीच्या रॅलीत भाग घेणाऱ्या गाड्यांवर जास्तीचे दिवे आणि १०० वॅटचे बल्ब बसवले जात. त्या गाड्यांचे जनित्र मोठे असे, तारा स्वतंत्र असत आणि समोरून कोणी येण्याची शक्यता नसे. या तीनही अटी सार्वजनिक रस्त्यावर लागू पडत नाहीत. तरीही शर्यतीतील बल्ब दुकानात आला आणि त्या अटी मात्र तेथेच मागे राहिल्या.

भारतीय रस्ता आणि शंभर वॅटचा बल्ब

स्वातंत्र्योत्तर भारतात प्रदीर्घ काळ दोनच मोटारींचे वर्चस्व होते. हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर आणि मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी. दोन्ही गाड्यांचे पुढचे दिवे सात इंची गोल होते. हे माप जगभर प्रचलित असल्याने मूळ दिवा काढून त्याजागी एच-४ बल्बाचा दिवा बसवणे अत्यंत सोपे होते. एकदा एच-४ चे बूड आले की त्यात ६० वॅटचा बल्ब बसवता येई, तसाच ९०, १०० किंवा १३० वॅटचाही. बाहेरून पाहता फरक कळत नसे. १९८३ साली आलेल्या मारुतीने भारतीय मोटारविश्व बदलले, तरी अधिक वॅटच्या बल्बाची ओढ कमी झाली नाही.

या ओढीला सबळ कारण होते, हे नमूद करणे आवश्यक आहे. भारतीय महामार्गांवर पथदीप क्वचितच असत. कडेला रंगवलेल्या रेषा नव्हत्या. मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर, तापकिरी अंधारात मिसळून गेलेली बैलगाडी, रस्त्यातच दगड लावून उभा केलेला बंद पडलेला ट्रक हे रात्रीच्या प्रवासाचे नित्याचे धोके होते. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात उसाच्या गाड्यांच्या रांगा रात्री रस्त्यावर असतात आणि मागून येणाऱ्याला त्या शेवटच्या क्षणी दिसतात. अशा रस्त्यावर चालकाने अधिक उजेड मागितला तर ती हौस नव्हे. प्रश्न एवढाच की त्याने निवडलेला मार्ग त्याला तो उजेड देऊ शकत होता काय.

तारेत हरवलेला उजेड

या प्रश्नाचे उत्तर साध्या अंकगणिताने मिळू शकते. बारा व्होल्टवर ६० वॅटच्या दोन दिव्यांना मिळून १० अँपिअर प्रवाह लागतो, तर १०० वॅटच्या दोन दिव्यांना सुमारे १६.७ अँपिअर. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या मोटारींत सर्रास आढळणाऱ्या लुकास सी-४० या डायनामोची कमाल क्षमता २२ अँपिअर होती. म्हणजे इग्निशन, मागचे दिवे, पंखा, वायपर आणि बॅटरीचे चार्जिंग या सर्वांसाठी मिळून जेमतेम पाच अँपिअर उरत, आणि तेही इंजिन पुरेशा वेगात असताना. घाटात ट्रकच्या मागे गोगलगायीच्या गतीने चढताना हा हिशेब उलटा होई आणि बॅटरी रिकामी होऊ लागे. पावसाळी रात्री दिवे, वायपर आणि हॉर्न एकाच वेळी चालवणाऱ्या चालकाला सकाळी गाडी ढकलून सुरू करावी लागे, त्याचे कारण अनेकदा बॅटरीच्या वयात नव्हे तर बल्बाच्या खोक्यावरील आकड्यात असे.

दुसरा प्रश्न तारांचा. जुन्या रचनेत दिव्यांचा संपूर्ण प्रवाह चालकासमोरील कळ आणि डिपरची कळ यांतून जात असे. बारीक तारा, गंजलेले सांधे आणि पत्र्यावरील सैल अर्थिंग यांमुळे या मार्गात रोध निर्माण होतो. तंतूच्या दिव्याचा उजेड विद्युत दाबाच्या जवळजवळ ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे दाबातील अल्प घट उजेडात मोठी घट घडवते. प्रत्येक दिव्याच्या मार्गात ०.२ ओहम रोध आहे असे उदाहरणादाखल मानले, तर ६० वॅटच्या बल्बापर्यंत पोहोचताना सुमारे एक व्होल्ट हरवतो आणि उजेड तीन चतुर्थांशावर येतो. त्याच मार्गात १०० वॅटचा बल्ब बसवला तर सुमारे दीड व्होल्ट हरवतो आणि त्याचा उजेड त्याच्या क्षमतेच्या सुमारे ६३ टक्क्यांवर येतो. दोन्ही बल्ब प्रत्येक वॅटमागे सारखाच उजेड देतात असे गृहीत धरल्यास, हा उरलेला उजेड म्हणजे पूर्ण बारा व्होल्ट मिळालेल्या ६० वॅटच्या बल्बाएवढाच होय.

दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, अशा गाडीत मालकाने विकत घेतलेला वाढीव उजेड तारेतच खर्च होतो. सांधे स्वच्छ करून, जाड तार वापरून आणि रिले बसवून मूळ बल्बाला पूर्ण दाब दिला असता तरी तेवढाच उजेड मिळाला असता. शिवाय हरवलेली वीज नाहीशी होत नाही. ती उष्णता होते. वरील उदाहरणात ६० वॅटच्या बल्बाच्या मार्गात सुमारे साडेचार वॅट उष्णता निर्माण होते, तर १०० वॅटच्या बल्बाच्या मार्गात सुमारे बारा वॅट. ही उष्णता सर्वत्र सारखी पसरत नाही, ती सर्वाधिक रोध असलेल्या सांध्यावर एकवटते. वितळलेले प्लॅस्टिकचे बूड, करपलेली कळ, तारांचे मऊ पडलेले वेष्टन आणि क्वचित लागणारी आग यांचे मूळ येथे आहे. बल्बाची वाढीव उष्णता परावर्तकाची चकाकीही उतरवते, आणि एकदा परावर्तक निस्तेज झाला की कितीही वॅटचा बल्ब घातला तरी झोत पूर्ववत होत नाही.

तार निर्दोष असली तरी लाभ मर्यादितच असतो. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणून ६० ऐवजी १०० वॅट वापरून उजेड ६७ टक्क्यांनी वाढला, तरी तेवढ्याच प्रखरतेने दिसणारे अंतर जास्तीत जास्त २९ टक्क्यांनी वाढते. समोरच्याच्या डोळ्यांवर पडणारा उजेड मात्र पूर्ण ६७ टक्क्यांनी वाढतो. लाभ वर्गमूळाने आणि उपद्रव थेट प्रमाणात, असे हे गणित आहे.

झेनॉन आणि एलईडी : मागणी घटली, प्रश्न उरला

१९९१ साली बीएमडब्ल्यूच्या सातव्या मालिकेतील मोटारींवर झेनॉनचे दिवे आले. यात तंतू नसतो; दोन विद्युतअग्रांमधील वायूत प्रकाशमान कमान तयार होते. ती पेटवण्यासाठी क्षणभर हजारो व्होल्टचा दाब लागतो, परंतु नंतर ३५ वॅटमध्ये सुमारे ३२०० ल्युमेन उजेड मिळतो. एच-४ चा खालचा झोत प्रत्येक वॅटमागे सुमारे १५ ल्युमेन देतो, तर झेनॉन सुमारे ९१. २००७ साली लेक्ससच्या एका मोटारीत खालच्या झोतासाठी आणि २००८ साली ऑडी आर-८ मध्ये सर्व झोतांसाठी एलईडी वापरण्यात आले. शंभर वर्षांत प्रथमच पुढच्या दिव्यांची विद्युत मागणी कमी होऊ लागली.

यामुळे बाहेरून बसवलेल्या दिव्यांचा प्रश्न सुटेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याने रूप बदलले. झेनॉनचा बल्ब हॅलोजनच्या परावर्तकात बसवला तर तारा तापत नाहीत, पण प्रकाशाचा उगम मूळ तंतूच्या नेमक्या जागी व आकाराचा राहत नाही. परावर्तक हा एका विशिष्ट तंतूसाठी घडवलेला आरसा आहे. तंतू बदलला की झोताची वरची कड फुटते आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. याच कारणास्तव युरोपीय नियमांत २००० ल्युमेनहून अधिक उजेडाच्या खालच्या झोतासाठी झोताची पातळी आपोआप साधणारी यंत्रणा आणि काच धुण्याची सोय आवश्यक करण्यात आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनानेही हॅलोजनच्या दिव्यात झेनॉनचे संच बसवणे नियमांत बसत नसल्याची भूमिका घेतली.

एलईडीच्या बाबतीत तर इतिहासाने एक उपरोधिक वळण घेतले. आधुनिक मोटारीतील संगणक प्रत्येक दिव्याने घेतलेला प्रवाह मोजतो आणि तो कमी भरला तर बल्ब उडाला असे समजून सूचना देतो. बाहेरून बसवलेला एलईडी बल्ब कमी वीज घेतो, म्हणून संगणक त्याला निकामी ठरवतो. यावर बाजाराने काढलेला उपाय म्हणजे दिव्याला समांतर जोडलेला रोधक. हा रोधक उजेड देत नाही. वाचलेली वीज उष्णतेत घालवून जुन्या बल्बाचे सोंग आणणे एवढेच त्याचे काम. ज्या मागणीमुळे एकेकाळी तारा जळत, ती मागणी आता मुद्दाम निर्माण केली जाते.

कायद्याची दृष्टी

भारतातील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ चा आधार वॅट नसून डोळा आहे. दिव्यापासून आठ मीटर अंतरावर, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा व्यक्तीचे डोळे दिपणार नाहीत अशा रीतीने झोत खाली वळलेला असावा किंवा चालकाला तो तसा वळवता यावा, अशी त्याची रचना आहे. नियमकर्त्याने चालकाच्या जागी न बसता समोरून येणाऱ्याच्या जागी उभे राहून हा नियम लिहिला आहे, असे म्हणता येईल. ट्रकच्या पाठीवर रंगवलेली रात्री डिपर वापरण्याची विनंती हे याच नियमाचे लोकरूप होय.

अंमलबजावणीचा इतिहास मात्र वेगळा आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक शहरांत पुढच्या दिव्यांच्या काचेवर काळा पट्टा किंवा ठिपका रंगवण्याची पद्धत होती. मालकाने वीज खर्चून निर्माण केलेला उजेड रंग फासून अडवण्याचा हा उपाय होता. झोताची दिशा तपासण्याची साधने रस्त्यावर उपलब्ध नसल्याने ब्रश हेच साधन बनले. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थेत नव्या वाहनाच्या दिव्यांची काटेकोर चाचणी होते. परंतु तेच वाहन विकले गेल्यावर दुकानात त्याचा बल्ब बदलला गेला तर ती चाचणी निरर्थक ठरते.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांत बदल करण्यास मर्यादा घालते. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निकालात या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या सुधारणा कायद्याने वाहनमालकाने केलेल्या नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. कायदा कठोर झाला. तथापि बल्बाच्या खोक्यावरील आकड्याला उजेड समजण्याची सवय कायद्याने मोडणारी नाही.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) १९४० ते २००८ या काळात कारखान्यातून येणाऱ्या प्रमाणित दिव्याची शक्ती स्थूलमानाने ३५ ते ६० वॅट या पट्ट्यातच राहिली. उजेडातील वाढ अधिक वीज खर्चून नव्हे, तर तीच वीज अधिक चांगल्या रीतीने वापरून साधली गेली.

२) बाहेरून बसवलेल्या अधिक वॅटच्या दिव्यांनी या प्रवाहाच्या उलट दिशा घेतली. जनित्र, तारा, कळा आणि परावर्तक न बदलता केवळ बल्ब बदलल्याने वाढीव विजेचा मोठा भाग उष्णतेत गेला.

३) झेनॉन व एलईडीमुळे विद्युत मागणीचा प्रश्न सौम्य झाला, परंतु समोरच्याचे डोळे दिपण्याचा प्रश्न अधिक तीव्र झाला. यावरून वॅट हा या प्रश्नाचा केवळ एक पैलू असल्याचे स्पष्ट होते.

४) चालकाची अधिक उजेडाची गरज खरी आहे. ती भागवण्याचे अल्पखर्ची मार्ग म्हणजे स्वच्छ सांधे, योग्य जाडीची तार, रिले, निर्मळ काच आणि नीट साधलेला झोत. त्याचबरोबर उसाच्या गाड्या, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यांना परावर्तक पट्ट्या लावणे हाही दिव्यांच्याच प्रश्नाचा भाग आहे, कारण दिसण्यासाठी पाहणाऱ्याचा उजेड जितका आवश्यक तितकेच दिसणाऱ्या वस्तूने तो परत पाठवणे आवश्यक असते.

१९१२-१३ च्या अभियंत्यांनी जनित्र, बॅटरी आणि दिवा यांना एकच व्यवस्था मानले होते. बिलक्सच्या रचनाकारांनी आणि नियम १०६ लिहिणाऱ्यांनी त्या व्यवस्थेत आणखी एक घटक मिळवला, तो म्हणजे समोरून येणाऱ्याचा डोळा. तो डोळा बहुधा दुचाकीस्वाराचा किंवा पायी चालणाऱ्याचा असतो, आणि दिपलेल्या त्या क्षणी रस्त्याचा खड्डा किंवा कड त्याला दिसत नाही. बल्ब निवडताना हा चौथा घटक हिशेबात धरला गेला, तरच दिव्यांच्या सव्वाशे वर्षांच्या या प्रगतीचा लाभ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच मिळेल.